शेजारी हवे असतील तर ख्रिस्ती वसाहत बांधू नका, मिश्र को-हाउसिंगमध्ये राहायला जा

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहणाऱ्या एका मराठी ख्रिस्ती ताईंना आणि त्यांच्या यजमानांना शेजार नसल्याची खंत आहे. इतकी वर्षं एकाच रस्त्यावर काढली, पण गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते आणि दार खाली येतं, एवढीच काय ती शेजाऱ्यांशी ओळख. 'शेजाऱ्यावर प्रीती कर' हे दर रविवारी ऐकायचं आणि शेजाऱ्याचं नावही माहीत नसायचं, हे त्यांच्या मनाला लागतं. जवळच तीसेक घरांचं को-हाउसिंग उभं राहतंय, म्हणजे प्रत्येकाचं घर वेगळं पण सगळ्यांचं मिळून एक सामायिक घर अशी वसाहत. तिथं घर घ्यावं असं दोघांना वाटतं. त्यांच्या चर्चच्या पाळकांचं म्हणणं वेगळं आहे. मंडळीतल्याच पाच-सहा कुटुंबांनी मिळून जमीन घ्यावी आणि ख्रिस्ती वसाहत करावी, म्हणजे एकत्र साक्ष देता येईल, असं ते म्हणतात. नगरहून सासूबाईंचा फोन आला, "मिशन कंपाउंडमधून बाहेर पडलात, आता पुन्हा कंपाउंडच शोधताय का?" (मिशन कंपाउंड म्हणजे मिशनऱ्यांनी ख्रिस्ती झालेल्यांसाठी वसवलेली भिंतीआडची वस्ती.) आणि समजा मिश्र वस्तीत गेलोच, तर तिथं आपल्या श्रद्धेबद्दल बोलायचं कसं, हा ताईंचा शेवटचा प्रश्न.

ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. ते तीस घरांचं को-हाउसिंग नीट बघा आणि पटलं तर तिथंच जा. पाळकांची सूचना मायेपोटी आली आहे, पण त्यातून तुम्हाला मंडळीच मिळेल, आणि ती तर तुम्हाला आधीच आहे. को-हाउसिंगच्या गटांच्या बैठका चालवणं हे माझं काम आहे. मी स्वतः अशाच वसाहतीत राहते आणि रविवारी उपासनेला जाते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते लिहिते.

को-हाउसिंगची सुरुवात डेन्मार्कमधली. यान गुडमन-होयर नावाच्या आर्किटेक्टनं १९६४ मध्ये काही मित्रांना घेऊन कोपनहेगनजवळ हारेस्कोव इथं जागा घेतली. मधोमध सगळ्यांचं मिळून एक घर आणि भोवती बारा घरं असा आराखडा होता. आजूबाजूच्या रहिवाशांनीच त्याला विरोध केला. एवढी मुलं आली तर गोंगाट होईल, ही त्यांची एक तक्रार होती. शेवटी ती जागा सोडावी लागली. मग १९६७ मध्ये बोडिल ग्रो या लेखिकेनं 'पोलिटिकेन' दैनिकात लिहिलं की मुलांना शंभर आईबाप असायला हवेत. तो लेख वाचून कितीतरी कुटुंबं पुढे आली आणि १९७२ मध्ये हिलेरॉडजवळ सेत्तेदामेन ही सत्तावीस घरांची वसाहत राहती झाली. अमेरिकेत ही कल्पना कॅथरिन मॅककॅमंट आणि चार्ल्स ड्युरेट या आर्किटेक्ट जोडप्यानं १९८८ च्या त्यांच्या पुस्तकातून आणली. इथं नव्यानं बांधलेलं पहिलं को-हाउसिंग तर तुमच्या शेजारच्याच गावात आहे, डेव्हिसमधलं म्यूर कॉमन्स. सव्वीस घरं, १९९१ साल. त्यानंतर दोन वर्षांनी खुद्द सॅक्रामेंटोत साउथसाइड पार्क उभं राहिलं.

रचना साधी असते. प्रत्येक कुटुंबाचं स्वतःचं पूर्ण घर असतं, त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं. पगार ज्याचा त्याचा, दार लावून घेतलं की कुणी विचारत नाही. त्याशिवाय सगळ्यांचं मिळून एक मोठं कॉमन हाउस असतं. तिथं मोठं स्वयंपाकघर, जेवणाचा हॉल, मुलांची खोली, पाहुण्यांसाठी एखाद-दोन खोल्या आणि कपडे धुण्याची यंत्रं असतात. आठवड्यातून दोन-तीनदा तिथं एकत्र जेवण होतं आणि रहिवासी आळीपाळीनं रांधतात. नोकर-व्यवस्थापक नसतो. गटार तुंबलं तर आपण, अंगणातली पानं झाडायची तर आपण.

आपल्याकडच्या कुणालाही हे सांगितलं की तो म्हणतो, "मग ही चाळच झाली की!" साम्य आहेच. पण चाळीतलं एकत्र राहणं अडचणीतून आलेलं होतं. नळ एक, संडास मजल्याला दोन, म्हणून माणसं भेटत होती आणि त्यावरूनच भांडतही होती. ज्याला पहिल्यांदा जमलं तो ब्लॉकमध्ये राहायला गेला, आणि त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. को-हाउसिंगमध्ये प्रत्येकाला आपापला नळ असतो आणि तरी माणसं ठरवून एकत्र येतात. घर घेण्याआधीच महिनोन्‌महिने बैठकांना बसतात, नियम स्वतः करतात. तुम्ही जाल तेव्हा तिथली माणसं एकमेकांना ओळखत असतील, भांडलेलीही असतील.

या वसाहतींत सगळ्यात हुशारीनं योजलेली गोष्ट कोणती विचाराल, तर गाड्या. गाड्या वसाहतीच्या कडेला, एकाच जागी लावतात आणि तिथून घरापर्यंत चालत जायचं. वाट सगळ्यांच्या दारांवरून जाते आणि प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या वाटेकडे उघडते. कांदा चिरताना तुम्हाला दिसतं की पलीकडच्या आजोबांच्या हातात आज पिशवी जड आहे. रोज न ठरवता पाच-सात माणसं भेटतात. तुमच्या आताच्या रस्त्यावर माणसं वाईट नाहीत हो. तिथं गॅरेज घराला चिकटलेलं आहे, म्हणून कुणाचा चेहरा कुणाला दिसत नाही. शेजारधर्म पाळायचा तर आधी शेजारी दिसायला हवा, आणि ते काम अर्ध्याहून अधिक वाटेनं आणि खिडकीनं होतं.

आता पाळकांच्या सूचनेकडे वळते, कारण खरा विचार तिथं करायला हवा.

सासूबाईंनी कंपाउंडची आठवण काढली ती योग्यच आहे. नगर, मिरज, जालना, जिथं जिथं मिशन होतं तिथं कंपाउंड झालं, आणि त्याला कारण होतं. बाप्तिस्मा घेतला की घरचे तोडत, विहिरीवर पाणी भरू देत नसत, काम मिळत नसे. अशा माणसाला छप्पर, शाळा आणि दवाखाना देणारी भिंत ही दयाच होती. पण त्या भिंतीची सवय झाली. तीन पिढ्यांनंतर छळ संपला तरी भिंत राहिली आणि बाहेरच्याला आतली माणसं साहेबांची वाटत राहिली. नारायण वामन टिळकांना हे बोचत होतं. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे म्हणून एकत्र बसता यावं हा त्यामागचा विचार. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार पुढे वाढला नाही. पण आपल्याच माणसानं, आपल्याच भाषेत, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारून ठेवला आहे. तुमच्या पाळकांना हे जरूर सांगा. ते मराठी नसले तरी त्यांना कळेल.

ख्रिस्ती वसाहतींनी शेजार केलाच नाही असं मात्र म्हणू नका. जॉर्जिया राज्यात अमेरिकसजवळ १९४२ मध्ये क्लेरेन्स जॉर्डन आणि त्यांच्या सोबत्यांनी कोइनोनिया फार्म काढलं. गोरे आणि काळे एकाच टेबलावर जेवत आणि काळ्यांनाही तीच मजुरी मिळे. त्या काळच्या दक्षिणेत ही आगीशी गाठ होती. १९५० मध्ये तिथल्या बॅप्टिस्ट मंडळीनं त्यांना काढून टाकलं. १९५६ नंतर गोळीबार झाले, रस्त्याकडेचं दुकान बॉम्बनं उडवलं गेलं आणि गावातल्या दुकानदारांनी बियाणं-खत विकणं बंद केलं. कोइनोनियावाल्यांनी मग पिकॅनचे दाणे टपालानं देशभर विकून तग धरला. १९६८ पासून त्यांनी आसपासच्या गरीब कुटुंबांसाठी घरं बांधायला घेतली. कर्ज बिनव्याजी आणि राहणाऱ्याचेही हात कामाला. त्यातूनच १९७६ मध्ये हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था निघाली. शिकागोजवळ एव्हनस्टनला रेबा प्लेस फेलोशिप १९५७ पासून आहे, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतली. सभासद आपली मिळकत एकाच पेटीत टाकतात. पण तिथंही जुन्या अपार्टमेंट इमारती घेऊन त्यांतली घरं सभासद नसलेल्यांना भाड्यानं दिली जातात. म्हणजे ज्या ख्रिस्ती वसाहतींनी शेजाऱ्यांशी खरं नातं जोडलं, त्यांनी दार मुद्दाम आणि किंमत मोजून उघडं ठेवलं होतं. पाच-सहा ओळखीच्या कुटुंबांनी चांगल्या शाळेजवळ जमीन घेतली तर त्यातून कोइनोनिया होईल असं मला वाटत नाही. तिथं तुमचा वेळ एकमेकांमध्येच जाईल आणि बाहेरचा माणूस पाहुणा म्हणूनच येत राहील.

कायद्याचंही पाहावं लागेल. अमेरिकेत १९६८ च्या फेअर हाउसिंग अॅक्टनुसार धर्म बघून घर विकायला किंवा भाड्यानं द्यायला मनाई आहे. धार्मिक संस्थेच्या स्वतःच्या, व्यापारी हेतू नसलेल्या घरांना काही सूट आहे. पण तुम्ही पाच-सहा कुटुंबांनी खाजगी मालकीची घरं बांधून 'फक्त ख्रिस्ती' म्हणालात तर अडकाल. (भारतात चित्र वेगळं आहे. झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये पारशांपुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध ठरवला. वांद्र्यापासून वसईपर्यंत कॅथलिक सोसायट्या आहेतच. कायद्यानं चालतं म्हणून ते करावंच असं नाही.) ओकलंडचं टेमेस्कल कॉमन्स या बाबतीत बघण्यासारखं आहे. नऊ घरांचं छोटं को-हाउसिंग, त्याची मुळं एका मेथडिस्ट मंडळीतल्या स्नेह्यांमध्ये. पण ते चालू वस्तीत, भर रस्त्यावर आहे. पाळकांना काही दाखवायचंच असेल तर ते दाखवा.

मिश्र वसाहतीत जायचं म्हणजे ख्रिस्तीपण दाराबाहेर ठेवून जायचं, अशी भीती तुमच्या पत्रात दिसते. खरं तर तिथली सर्वांत महत्त्वाची वस्तू ख्रिस्ती माणसांकडूनच आलेली आहे. ती म्हणजे बैठक. बहुतेक को-हाउसिंगमध्ये बहुमतानं निर्णय होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. हातात रंगीत कार्डं असतात. हिरवं म्हणजे मान्य, पिवळं म्हणजे शंका आहे, लाल म्हणजे हा निर्णय वसाहतीला बाधेल असं मला वाटतं. लाल कार्ड स्वतःच्या आवडीनिवडीसाठी वर करायचं नसतं. सर्वसहमतीची ही पद्धत मुळात क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या लोकांची. त्यांच्या सभेत मतदान होत नाही. सभेचा कौल कुठं झुकतोय ते शांतपणे ऐकायचं आणि मगच लिहून घ्यायचं. आता अनेक गट 'सोशिऑक्रसी' ही संमतीनं निर्णय घेण्याची पद्धत वापरतात, तिचा उगमही केस बुक या डच क्वेकर शिक्षकानं बिल्टहोवनला काढलेल्या शाळेतला. मी नव्या गटाला पहिल्यांदा शिकवते ते हेच, की गप्प बसलेल्याला विचारा. गप्प माणूस म्हणजे होकार असं धरू नका. मंडळीच्या कमिटीत आपण किती वेळा असं विचारतो, ताई?

या बैठकांमध्ये ख्रिस्ती माणसाची परीक्षा होते. कुत्र्यांना कॉमन हाउसमध्ये येऊ द्यायचं का, यावर दोन तास जातात. कपडे बाहेर वाळत घालण्यावरून माणसं रडलेली मी पाहिली आहेत. तिथं चिडलेल्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेणं, आपलं चुकलं तर सर्वांसमोर माफी मागणं, बैठकीत ठरलं ते बैठकीबाहेर पोखरत न बसणं, एवढं जर तुम्ही वर्षभर केलंत तर तुम्ही कोण आहात ते लोकांना कळेल. मग तुमची श्रद्धा ते आपण होऊन विचारतील. विचारतातच.

जेवणाचं सांगते, कारण तुम्हाला पहिली अडचण तिथंच येणार. आपण जेवणाआधी आशीर्वाद मागतो. कॉमन हाउसमध्ये चाळीस माणसं ताट घेऊन बसलेली. त्यांत यहुदी कुटुंब आहे, काही मानत नाहीत ते आहेत, आणि एखादी तरी बाई अशी असतेच जी लहानपणी चर्चमध्ये दुखावली गेलेली आहे आणि प्रार्थनेचा सूर ऐकला तरी तिला उठून जावंसं वाटतं. आमच्या वसाहतीत हा विषय बरेच महिने चालला होता. कुणी म्हणालं, ज्याची पाळी त्यानं आपल्या पद्धतीनं म्हणावं. कुणी म्हणालं, काहीच नको. शेवटी ठरलं ते असं. घंटा वाजते. रांधणारी माणसं पुढे येऊन कशात काय घातलंय ते सांगतात. मग सगळे चार श्वास शांत राहतात आणि जेवायला लागतात. त्या चार श्वासांत मी प्रार्थना करते. ती दुखावलेली शेजारीण काय करते ते तिचं ती जाणे, पण ती जेवायला येते. मोठ्यानं म्हटलेल्या आशीर्वादापायी तिची खुर्ची रिकामी राहिली असती, तर तो आशीर्वाद मला गोड लागला नसता.

रांधण्याची पाळी आली की भिऊ नका. तिघांचा गट असतो आणि दुपारी तीनला लागलं की सहाला जेवण तयार होतं. माझ्या पाळीला वरण-भात, कोबीची भाजी, कोशिंबीर आणि लिंबाचं लोणचं असतं. वरण मी दोन पातेल्यांत करते. बाजारच्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि आमच्याकडे एका मुलाला गहू अजिबात चालत नाही. म्हणून त्याच्या पातेल्याला जिरं-लसणाची फोडणी, हिंग नाही, डाव वेगळा, झाकणावर निळी चिकटपट्टी. कोशिंबिरीतला शेंगदाण्याचा कूट वेगळ्या वाटीत. भिंतीवर सगळ्यांच्या पथ्यांची यादी लावलेली असते, ती वाचल्याशिवाय भाजीला हात लावायचा नाही. त्या मुलाची आई पहिल्यांदा निर्धास्तपणे बसून जेवली, तेव्हा तिनं मला विचारलं की तू हे सगळं का करतेस. आम्ही भांडी घासता घासता खूप वेळ बोललो, येशूबद्दलही बोललो. ती अजूनही चर्चला येत नाही. आमची मैत्री पक्की आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न, श्रद्धेबद्दल बोलायचं कसं, त्याचं उत्तर इथंच आहे. पहिल्या ओळखीच्या बैठकीतच सांगून टाका की आम्ही ख्रिस्ती आहोत, उपासनेला जातो, आमच्यासाठी ते महत्त्वाचं आहे. लपवलं आणि मागून कळलं तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं. मग पुढे प्रत्येक वेळी तुम्ही कुणाला सूप नेऊन दिलंत तरी शंका येते. विचारलं तर मोकळेपणानं बोला. न विचारता वसाहतीच्या ईमेल यादीवर चर्चची पत्रकं टाकू नका. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते: मंडळीच्या वार्तापत्रात किंवा प्रार्थनेच्या यादीत शेजाऱ्यांची नावं, त्यांचे घटस्फोट, त्यांची आजारपणं कधीही जाऊ देऊ नका. कुणाच्या तरी फोनवरून ते कागद फिरतातच. ज्यांच्याबरोबर आपण गटार साफ करतो ती माणसं आपल्या अहवालातले आकडे होता कामा नयेत. त्यांच्यासाठी प्रार्थना घरात, दार लावून करा, नावं घेऊन करा.

डिसेंबरमध्ये झाडाचा प्रश्न येतो. कॉमन हाउसमध्ये ख्रिसमस ट्री ठेवायचं की नाही, यावर अमेरिकेतल्या कितीतरी वसाहतींत दरवर्षी बैठक होते. माझा सल्ला, त्यासाठी भांडू नका. नाताळचा फराळ घरी करा. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, जे तुमच्याकडे होत असेल ते. आदल्या आठवड्यात करंज्या भरायला शेजाऱ्यांना बोलवा. पोरं-बाळं, म्हातारी माणसं, सगळी येतात, कारण इथं कुणाच्या घरी असं बसून काही होतच नाही. येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाणी तुमच्या खिडकीत ठेवा. खिडकी वाटेवरच आहे. मुंबईतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या कॅथलिक लोकांच्या, गावठाणांत गल्लीतल्या क्रूसापुढे लदीन ही प्रार्थना म्हणतात आणि मग उकडलेले चणे वाटतात. ते चणे घ्यायला शेजारची हिंदू पोरं पूर्वापार येत आली. आपल्या लोकांना हे जमत होतं. को-हाउसिंगमध्ये त्याला जागा परत मिळते, एवढंच. आणि यहुद्यांचा हनुका सण असेल, दिवाळी असेल, तेव्हा तुम्हीही दुसऱ्याच्या घरी जा. फक्त यजमान व्हायचं आणि पाहुणा कधी व्हायचं नाही, ही सवय आम्हा ख्रिस्ती लोकांना मिशनकडून लागली आहे. ती मोडायला हवी.

आता अडचणी, कारण गोड गोड सांगून तुम्हाला पाठवायचं नाही.

पैसा ही मोठी अडचण आहे. को-हाउसिंगमधलं घर आजूबाजूच्या घरापेक्षा स्वस्त नसतं, बऱ्याचदा जराशी जास्तच किंमत पडते, कारण कॉमन हाउसचा वाटाही त्यात असतो. परिणाम असा की अमेरिकेत या वसाहतींत गोरी, शिकलेली, बऱ्या पगाराची माणसंच जास्त दिसतात. ख्रिस्ती माणसानं याकडे काणाडोळा करू नये. साउथसाइड पार्कमध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांनाही घरं मिळतील अशी सोय सुरुवातीपासून केली होती. डेन्मार्कमध्ये १९७८ चं टिंगगॉर्डेन तर सबंध भाड्याच्या घरांचं आहे. तुमच्या गटानं अजून हे ठरवलं नसेल, तर बैठकीत हा विषय तुम्ही काढा. मंडळीत जे घर घेऊ शकत नाहीत त्यांना डोळ्यांपुढे ठेवून काढा.

वेळ ही दुसरी. बुधवारी कॉमन हाउसचं जेवण आणि बुधवारीच बायबल अभ्यास, रविवारी सकाळी उपासना आणि त्याच सकाळी श्रमदान. दोन्हीकडे सगळ्याला हो म्हणाल तर वर्षात थकाल. ख्रिस्ती बायका तर जास्तच, आपल्याला नाही म्हणायला शिकवलेलंच नसतं. मंडळीतली एक जबाबदारी सोडा आणि ती पाळकांना सांगून, आनंदानं सोडा. श्रमदान शनिवारी ठेवता येईल का, हे घर घेण्याआधी विचारा. अशी तडजोड लोक सहसा करतात.

मुलांचं फार मनावर घेऊ नका. ती तिथं सुखी असतात. वाटेवर गाडी नसल्यामुळे सहा वर्षांचं पोर एकटं चौथ्या घरी जाऊ शकतं. दुसऱ्यांचे विचार कानांवर पडतील, प्रश्न विचारतील, तर उत्तर द्यायला तुम्ही आहातच.

आणि हे सगळं जमलं नाही, कर्ज बसलं नाही, घर मिळालं नाही, तर? डेव्हिसला एन स्ट्रीट को-हाउसिंग नक्की बघून या. तिथं कुणी काही नवीन बांधलं नाही. पन्नासच्या दशकातली साधी, एका साच्यातली घरं. १९८६ मध्ये दोन शेजाऱ्यांनी मधलं कुंपण काढलं. पुढे लगतचं घर रिकामं झालं की ओळखीचं कुणी तिथं येई आणि आणखी एक कुंपण निघे. असं होत होत मागची सगळी अंगणं एक झाली, बाग झाली, कोंबड्या आल्या आणि एका घरात सगळ्यांचं जेवण होऊ लागलं. या कामाला मोठं भांडवल लागत नाही. लागते ती शेजाऱ्याशी कुंपणाबद्दल बोलण्याची हिंमत. पाळकांच्या त्या पाच-सहा कुटुंबांना खरोखर एकत्र काही करायचं असेल, तर मी त्यांना हाच मार्ग सुचवीन: एकाच गल्लीत दोन-तीन घरं भाड्यानं घ्या, बाकीचे शेजारी आहेत ते राहू देत, आणि त्यांच्याबरोबर सुरुवात करा. युरोपात तेराव्या शतकापासून बेगीन नावाच्या बायका असंच राहत. स्वतःची घरं, मधे अंगण, आजन्म व्रताची सक्ती नाही. त्या शहरात जाऊन आजाऱ्यांची सेवा करीत, लोकरीचं काम करून पोट भरीत. बेल्जियममध्ये त्यांची अंगणं अजून उभी आहेत.

पुढच्या पायरीचं सांगते. गटाच्या माहितीच्या कार्यक्रमाला गेलात तर छान चित्रं आणि हसरे चेहरे दिसतील. ते पुरेसं नाही. त्यांच्या सर्वसाधारण बैठकीला पाहुणे म्हणून बसायची परवानगी मागा, शक्यतो पैशांवर चर्चा असेल त्या दिवशी. मागच्या वर्षी कोण गट सोडून गेलं आणि का, हे विचारा. चांगला गट ते न चिडता सांगतो. भांडण मिटवायची त्यांची लिखित पद्धत आहे का, ते बघा, नसेल तर सावध व्हा. अनामत रक्कम भरण्याआधी, ती कोणत्या परिस्थितीत परत मिळते हे लिहून घ्या आणि वकिलाला दाखवा. शक्य झालं तर आधी म्यूर कॉमन्ससारख्या जुन्या वसाहतीत एखादी खोली काही महिने भाड्यानं घेऊन राहून बघा. कागदावर जे कळत नाही ते तिथं दोन पाळ्या रांधल्या की कळतं. आणि जेवणाच्या दिवशी जाल तेव्हा पाळकांनाही सोबत न्या. जेवण झाल्यावर त्यांना भांड्यांच्या गटात बसवा, मग घरी येऊन तिघांनी मिळून ठरवा.